आयरिश व्हिस्की, उसाची मळी आणि एका आचाऱ्याची कॉफी

पुणे-बंगळूर महामार्गानं कोल्हापूर मागं टाकून कागलच्या दिशेनं निघालं की उचगाव लागतं. गळिताच्या हंगामात या रस्त्यावर उसानं लादलेल्या ट्रॉल्या असतात आणि त्यांच्यात अधूनमधून एखादा स्पिरिटचा टँकर. टँकरातला तो माल ज्या उंच मनोऱ्यातून उतरतो, त्या मनोऱ्याचं पेटंट १८३० साली एका आयरिश माणसानं घेतलं होतं. त्याच्या देशातल्या दारूवाल्यांनी त्याच्या यंत्राकडे बघून नाक मुरडलं. त्या नाक मुरडण्याची किंमत आयरिश व्हिस्कीनं पुढं शंभराहून अधिक वर्षं मोजली. ती मरणपंथाला लागली तेव्हा तिला थोडा टेकू मिळाला तो एका विमानतळावरच्या आचाऱ्याच्या कॉफीचा. मनोऱ्यावाल्याचं नाव ईनियस कॉफी. आडनावच कॉफी, पेयाशी त्याचा काही संबंध नाही. आचाऱ्याचं नाव जो शेरिडन. दोघांपैकी कुणाचाही कोल्हापूरशी संबंध आला नाही. पण पहिल्याचं यंत्र आपल्या ऊसपट्ट्यात ठाण मांडून आहे, आणि दुसऱ्याच्या ग्लासाला लागणारी साखर आणि साय ही तर आपल्या पंचक्रोशीचीच पिकं म्हणायची.

सुरुवात करापासून करावी लागते, कारण दारूचा इतिहास हा निम्मा कराचाच इतिहास असतो. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट होतं. ते दळून, गरम पाण्यात भिजवून, आंबवून, तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळायचं आणि वाफ थंड करून धरायची, ही मूळ रीत. आयर्लंडात ही वाफ बहुधा तीनदा धरतात, स्कॉटलंडात बहुधा दोनदा. १७८५ साली सरकारनं माल्टवर कर चढवला. डब्लिनच्या भट्टीवाल्यांनी त्यावर युक्ती काढली: थोडी बार्ली मोड न आणताच घालायची, तिच्यावर माल्टचा कर लागत नाही. कर चुकवायला केलेल्या या मिश्रणातून एक वेगळीच दारू निघाली. जिभेवर तेलकट, जराशी तिखट, मसालेदार. पुढं कर बदलले तरी ती चव लोकांनी सोडली नाही. आज ‘सिंगल पॉट स्टिल’ म्हणून जी आयरिश व्हिस्की चढ्या भावानं विकली जाते, तिच्या चवीचं मूळ या करचुकवेगिरीत आहे.

ज्यांना कागदोपत्री कर चुकवता येत नव्हता ते डोंगरात गेले. डोनेगलच्या खडकाळ भागात घरोघरी ‘पोचीन’ निघायची, म्हणजे आपल्याकडची हातभट्टीच. तिच्यावर धाडी घालायला अबकारी अधिकारी शिपाई घेऊन जात. ईनियस कॉफी हा त्यांपैकीच एक. १८१० साली डोनेगलच्या उत्तर टोकाला जमावानं त्याला गाठलं आणि कवटी फुटेपर्यंत मारलं. अंगावर संगिनींचे दोन घाव घेऊन तो वाचला, आणि नोकरी न सोडता चढत चढत आयर्लंडच्या अबकारी खात्याचा महानिरीक्षक झाला.

आपल्याकडेही हे नाटक पुढं साठ-सत्तर वर्षांनी झालं. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा आला, सरकारी देखरेखीतल्या मोजक्या भट्ट्या तेवढ्या ठेवल्या, आणि मोहाची किंवा ताडाची दारू घरी गाळणारा रातोरात गुन्हेगार ठरला. ठाणे-कुलाब्याकडे त्यावरून बराच असंतोष झाला. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्यानं हे धोरण आखलं. आयर्लंडात आधी वठवलेलीच संहिता इथं नव्या पात्रांना दिली होती, असं मला ते वाचताना वाटत राहतं.

कॉफीनं १८२४ साली सरकारी नोकरी सोडली. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्या मोजता-तपासता त्याला त्यांचे दोष पाठ झाले होते. हंड्यातली दारू खेपेखेपेनं निघते. एक खेप झाली की हंडा रिकामा करायचा, घासायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा तापवायचा. जळण किती आणि वेळ किती! त्यानं दोन उंच मनोरे शेजारी-शेजारी उभे केले. आत एकावर एक भोकं पाडलेले तांब्याचे थर. वरून आंबवलेलं पाणी खाली उतरतं, खालून वाफ वर चढते, प्रत्येक थरावर दोघांची गाठ पडते आणि वाफ मद्यार्क उचलून नेते. दुसऱ्या मनोऱ्यात तो आणखी शुद्ध होतो. थांबायचं कारणच नाही, एका बाजूनं ओतत राहायचं आणि दुसऱ्या बाजूनं नव्वद टक्क्यांवरचा मद्यार्क काढत राहायचा.

कोल्हापूरच्या माणसाला हा फरक समजावायला फार लांब जावं लागत नाही. हंडा म्हणजे गुऱ्हाळ. काहिलीगणिक गूळ वेगळा, रानाची माती त्यात उतरते, गुळव्याचा हात उतरतो, आणि शाहूपुरीच्या बाजारात ढेप फोडून जाणकार सांगतो की हा कुठल्या बाजूचा. मनोरा म्हणजे साखर कारखाना: चोवीस तास चालणारा, स्वस्त, आणि दाणा न् दाणा सारखा. गुळाच्या आणि साखरेच्या भांडणात कोल्हापूरनं दोन्ही ठेवलं. १८९५ साली शाहू महाराजांनी वसवलेली शाहूपुरीची गुळाची पेठ आजही आहे, आणि कारखान्यांची तर गणतीच नको. डब्लिनकरांनी मात्र एकच निवडलं.

त्यांना मनोरा न निवडायला कारण होतं. त्या काळी जगात व्हिस्की म्हणजे डब्लिनची. जेमसन, पॉवर, रो ही घराणी आपल्या हंड्यांच्या आकारावर मिशीला पीळ देत होती. कॉर्ककडच्या मिडल्टनला तर ३१,६१८ गॅलनांचा, जगातला सर्वांत मोठा समजला जाणारा तांब्याचा हंडा होता. मनोऱ्यातून निघालेल्या दारूला चवच नाही, ती मुकी दारू आहे, असं या मंडळींचं म्हणणं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. नव्वद टक्क्यांच्या वर मद्यार्क नेला की धान्याचा वास बऱ्यापैकी मागं राहतो. पण स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी त्यातलीच सोय पाहिली. ही मुकी स्वस्त दारू घ्यायची, तिच्यात हंड्याची बोलकी दारू थोडी मिसळायची, की झाली सगळ्यांना परवडणारी आणि घशाला न टोचणारी ‘ब्लेंडेड स्कॉच’. १८७०च्या दशकाच्या अखेरीला डब्लिनच्या बड्या घराण्यांनी मिळून या भेसळीविरुद्ध एक पुस्तकच छापलं. पुस्तक खपलं की नाही कोण जाणे, स्कॉच खपली.

डब्लिनमध्ये त्या दिवसांत दारूचा किती पूर होता, याचं एक उदाहरण शब्दशः पुराचंच आहे. १८ जून १८७५ रोजी रात्री लिबर्टीज या वस्तीतल्या एका गोदामाला आग लागली. आत व्हिस्कीची हजारो पिंपं. ती फुटली आणि पेटती दारू गल्ल्यांतून वाहू लागली. अग्निशमन दलाच्या प्रमुखानं, कॅप्टन इंग्रमनं, पाणी मारलं तर पेटती दारू तरंगत आणखी पसरेल हे ओळखलं आणि रस्त्यावर शेणखताचे बांध घातले. त्या रात्री तेरा माणसं मेली. आगीत त्यांतलं एकही नाही. सगळी मेली ती गटारातली कच्ची, तीव्र दारू टोप्यांत आणि बुटांत भरून पिऊन.

मुकी दारू व्हिस्की म्हणायची की नाही, हा वाद शेवटी कोर्टात गेला. लंडनच्या इस्लिंग्टन भागात १९०५ साली दुकानदारांवर खटले झाले आणि खालच्या न्यायालयात हंडेवाल्यांच्या बाजूनं निकाल लागला. मग रॉयल कमिशन बसलं, आणि १९०९ साली त्यानं सांगून टाकलं की हंडा असो वा मनोरा, दोन्हींची व्हिस्कीच. तिथं खेळ संपल्यातच जमा होता. उरलेलं काम राजकारणानं केलं. एप्रिल १९१६च्या अखेरच्या आठवड्यात टिळक बेळगावात होमरूल लीगची स्थापना करत होते. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये बंड उसळलं होतं आणि बंडखोरांनी मॅरोबोन लेनवरची एक भट्टी ताब्यात घेऊन तिचा किल्ला केला होता. १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली आणि आयरिश व्हिस्कीची मोठी गिऱ्हाइकी एका फटक्यात गेली. वर आयरिश नावाची बनावट दारू तिथल्या तळघरांतून विकली गेली, ते वेगळंच. मग स्वतंत्र आयर्लंडचं आणि ब्रिटनचं १९३२ ते १९३८ असं व्यापारयुद्ध झालं आणि साम्राज्याची बाजारपेठही आखडली. १८८०च्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड नावाचा लेखक आयर्लंडभर हिंडला तेव्हा त्याला अठ्ठावीस भट्ट्या भेटल्या होत्या. १९७५च्या सुमाराला पूर्ण बेटावर चालू राहिल्या फक्त दोन.

इकडं कॉफीसाहेबांचा मनोरा जगभर पसरत होता. त्याला बार्लीच हवी असं थोडंच होतं? आंबेल ते सगळं त्याला चालायचं. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून साखर काढली की मागं काळी, दाट मळी राहते. टनभर उसामागं साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो. एक टन मळी आंबवून मनोऱ्यात घातली की सव्वादोनशे-अडीचशे लिटर मद्यार्क मिळतो. राधानगरीच्या पाण्यावर कोल्हापूरचा ऊस फोफावला, पाठोपाठ सहकारी कारखाने आले, आणि कारखान्यांच्या आवारात डिस्टिलऱ्या. तिथं कामगार नुसतं ‘कॉलम’ म्हणतात, कॉफीचं नाव कुणी घेत नाही. तांब्याच्या जागी स्टील आलं, थरांची रचना सुधारली, दोन मनोऱ्यांचे पाच-सहा झाले, तत्त्व तेच.

देशी बनावटीच्या ‘विदेशी’ दारूतली बहुसंख्य व्हिस्की बरीच वर्षं या मळीच्या स्पिरिटावर उभी राहिली. त्यात थोडं माल्ट, थोडा रंग, थोडा सुगंध. अलीकडं धान्याचं स्पिरिटही बरंच वापरतात. युरोपीय संघाच्या नियमात धान्याशिवाय व्हिस्की नाही आणि लाकडी पिंपात तीन वर्षं मुरल्याशिवायही नाही, म्हणून आपल्या मळीच्या व्हिस्कीला तिथं त्या नावानं दुकानात जागा नाही. म्हणजे १९०५चा इस्लिंग्टनचा खटला पुन्हा उभा राहिला, फक्त आता आरोपीच्या पिंजऱ्यात आपण आहोत. माझं मत विचाराल तर युरोपवाल्यांचं बरोबर आहे. उसाची दारू ही रमच्या कुळातली. तिला रम म्हणण्यात लाज कसली? आता तर या मद्यार्काचा मोठा हिस्सा इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो. उचगावच्या पुलाखालून जाणाऱ्या दुचाकीच्या टाकीतही त्या मार खाल्लेल्या अबकारी अधिकाऱ्याच्या डोक्यातली कल्पना थोडी जळत असते.

आता दुसरा आयरिश माणूस.

१९४३. युरोप युद्धात होरपळत होता आणि त्याची झळ उचगावच्या वेशीपर्यंत आली होती, अगदी शब्दशः. सैबेरियातून, मध्य आशियातून, इराणमार्गे आलेल्या पोलिश निर्वासितांसाठी कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथं त्या वर्षी छावणी उभी राहिली. उचगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर पाच हजारांच्या आसपास पोलिश बायका-मुलं-म्हातारे राहू लागले. त्यांच्या शाळा, चर्च, नाटकं, दुकानं. १९४८पर्यंत ते राहिले आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध. उचगावच्या दुसऱ्या अंगाला, उजळाईवाडीच्या माळावर, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत विमानतळ झाला होता. अशी साधी जमिनीवरची धावपट्टी तेव्हा किती मोलाची होती, ते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पाहिलं की कळतं.

अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना तेव्हा उतरायला पुरेशा लांबीच्या, पक्क्या धावपट्ट्या नव्हत्या. म्हणून मोठी विमानं पाण्यावर उतरत. शॅनन नदीच्या रुंद मुखाशी, लिमरिक परगण्यातलं फॉइन्स हे खेडं, युरोपच्या कडेचं शेवटचं बंदर. जुलै १९३९मध्ये पॅन अ‍ॅमचं ‘यँकी क्लिपर’ तिथं प्रवासी घेऊन उतरलं आणि मग युद्धभर फॉइन्स हे जगातल्या फार गजबजलेल्या विमानतळांपैकी एक होऊन बसलं. आयर्लंड तटस्थ होता. त्यामुळं सेनानी, मुत्सद्दी, सिनेनट, पैसेवाले निर्वासित असे सगळे इथून जात. विमान पाण्यात थांबायचं, प्रवाशांना होडीतून धक्क्यावर आणायचे. जानेवारीच्या वाऱ्यात नदीवरची ती होडी म्हणजे शिक्षाच. तिथल्या रेस्तराँची व्यवस्था ब्रेंडन ओ’रेगन नावाच्या तरुणाकडे होती, आणि मुदपाकखाना टायरोन परगण्यातल्या कॅसलडर्गच्या जो शेरिडनकडे.

१९४३च्या हिवाळ्यातल्या एका रात्री न्यूफाउंडलंडमधल्या बॉटवुडकडे निघालेलं विमान कित्येक तास वादळाशी झगडून मागं फिरलं. मोर्सनं निरोप आला. घरी गेलेल्या नोकरांना पुन्हा बोलावलं. थंडीनं आणि भीतीनं गारठलेले प्रवासी आले तेव्हा शेरिडननं गरम कॉफीत आयरिश व्हिस्की घातली. कुणीतरी विचारलं, ही ब्राझीलची कॉफी का? तो म्हणाला, नाही, आयरिश. असं सांगतात. अशा गोष्टींतला शेवटचा संवाद नेहमीच जरा जास्त घोटीव असतो, पण माणूस खरा, जागा खरी आणि हवामान तर खरंच खरं. कॉफीत मद्य घालणं त्याच्या आधीही युरोपात होतंच. चहात व्हिस्की घालणं तर आयर्लंडात घरोघरचं. शेरिडनचं कर्तृत्व मांडणीत आहे. अमेरिकन पाहुणे चहाचे नव्हेत, कॉफीचे, हे त्यानं ओळखलं. साध्या कपाऐवजी दांडीचा काचेचा ग्लास घेतला, आणि वर न ढवळलेल्या सायीचा पांढरा थर ठेवला. औषध म्हणून घ्यायची गोष्ट त्यानं पाहुणचाराची केली.

फॉइन्सचं वैभव फार टिकलं नाही. युद्धानंच जगभर लांब धावपट्ट्या बांधून घेतल्या आणि पाण्यावरची विमानं एका फटक्यात जुनी झाली. ऑक्टोबर १९४५मध्ये फॉइन्स बंद झालं, नदीच्या पलीकडच्या काठावर शॅनन विमानतळ आला. ओ’रेगननं तिथं १९४७ साली जगातलं पहिलं करमुक्त दुकान काढलं. (दारू आणि कर यांची गोष्ट इथंही सुटत नाही, बघा.) शेरिडन आणि त्याचा ग्लास दोघंही शॅननला गेले.

तिथं तो ग्लास स्टॅन्टन डेलाप्लेनच्या हाती लागला. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चा हा स्तंभलेखक, पुलित्झर मिळवलेला. घरी परतल्यावर ‘ब्युएना व्हिस्टा’ या बारचा मालक जॅक केप्लर याच्याबरोबर तो १० नोव्हेंबर १९५२च्या रात्री ते पेय जमवायला बसला. चव जमेना, आणि त्याहून मोठं दुखणं म्हणजे साय तरंगेना, बुडायची. दोघांनी पिऊन पिऊन रात्र काढली म्हणतात. केप्लर थेट शॅननला जाऊन पाहून आला. पुढं सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर झालेल्या, दुधाच्या धंद्यातल्या जॉर्ज क्रिस्टोफरनं उलगडा केला: साय अठ्ठेचाळीस तास ठेवून मग बेताची फेटायची. तरंगली. शेरिडनलाही तिकडं बोलावणं आलं. तो गेला आणि १९६२ साली तिकडंच वारला. ब्युएना व्हिस्टात आजही दिवसाला दोन हजारांपर्यंत ग्लास जातात, असं तिथले लोक सांगतात.

त्याच १९५२ साली हा ग्लास कोल्हापुरात भरला असता तर भरणारा तुरुंगात गेला असता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि जून १९४९मध्ये मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. मोरारजी देसाई गृहमंत्री. पुढच्या वर्षी एप्रिलपासून बंदी पूर्ण झाली. फ्रामजी बलसारा नावाचे पारशी गृहस्थ उच्च न्यायालयात गेले: मला माझी व्हिस्की, ब्रँडी, बिअर आणि अगदी माझं ओ-डी-कोलोनसुद्धा बाळगू द्या. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा मुळात ग्राह्य ठरवला, मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं तेवढी मोकळी केली. म्हणजे कोलोन सुटलं, व्हिस्की अडकली. परदेशी पाहुण्यांना आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवाल्यांना परवाना मिळे. बाकीच्यांसाठी रानातली हातभट्टी होतीच. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायद्याच्या नावात दारूबंदी अजून आहे, आणि महाराष्ट्रात आजही कायद्यानं दारू प्यायला परवाना लागतो. पंचविशी ओलांडलेल्याला आयुष्यभराचा परवाना हजार रुपयांत मिळतो. तो काढलेली माणसं किती, हा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्या पाकिटाला विचारावा.

कॉफीच्या त्या ग्लासानं आयरिश व्हिस्की वाचवली का? वाचवली म्हणणं अतिशयोक्ती होईल. अमेरिकेत तिचं नाव तेवढं जिवंत ठेवलं. पण साखर आणि सायीखाली व्हिस्की कुठली आहे हे कुणी विचारत नव्हतं, आणि नुसती पिण्याजोगी व्हिस्की म्हणून ती विस्मृतीतच गेली. खरी हालचाल पुढं झाली. १९६६ साली जेमसन, पॉवर आणि कॉर्कची कंपनी या पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी नाइलाजानं हात मिळवले. १९७५ साली मिडल्टनला एकच नवी मोठी डिस्टिलरी झाली. तिथं हंडे आणि कॉफीचे मनोरे एका छपराखाली आले, जे दीडशे वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. १९८७ साली जॉन टीलिंगनं कूली इथं स्वतंत्र डिस्टिलरी उघडली, १९८८ साली फ्रेंच कंपनी पेर्नो रिकारनं आयरिश डिस्टिलर्स विकत घेऊन जेमसन जगभर नेली. आज आयर्लंडात चाळीसहून अधिक डिस्टिलऱ्या आहेत. आणि इकडं आपल्या शेजारी, गोव्यातल्या कुंकळ्ळीला, बार्लीपासून हंड्यात काढलेली ‘पॉल जॉन’ सिंगल माल्ट होते. तिथल्या उष्ण हवेत पिंपातली दारू वर्षाला आठ-दहा टक्क्यांपर्यंत उडून जाते. आयर्लंडात दोनेक टक्के. म्हणून आपल्याकडं मुरवण लवकर होते आणि महागही पडते.

आता प्यायचं कसं. पॉट स्टिल असेल तर सोड्यात बुडवू नये. ज्या चवीसाठी डब्लिनकरांनी आपला धंदा घालवला, ती निदान घोटभर तरी कळू द्यावी. लहान ग्लास, चमचाभर साधं पाणी, बर्फ शक्यतो नाही. कॉफीत घालायला मात्र जेमसन किंवा तुल्लामोरसारखी मिश्र व्हिस्की उत्तम. महागडी बाटली साखरेत घालवण्यात अर्थ नाही.

ग्लास उकळत्या पाण्यानं धुवून गरम करावा. नाहीतर पेय पाच मिनिटांत कोमट होतं आणि कोमट आयरिश कॉफीसारखी केविलवाणी वस्तू नाही. कॉफी चिकोरीविना, कडक आणि ताजी, सव्वाशे मिलिलिटरभर. चिकोरीचा कडवटपणा व्हिस्कीशी भांडतो. दोन चमचे तपकिरी साखर गरम कॉफीत पूर्ण विरघळवावी. कोल्हापूरकराला इथं गूळ आठवणार, आणि आठवावाच. पण चांगला गूळ स्वतःच एवढा बोलका असतो की तो व्हिस्कीला तोंड उघडू देत नाही. साखर केवळ गोडीसाठी नाही. तिच्यामुळं कॉफी जड होते, आणि हलकी साय तिच्यावर तरंगते. बिनसाखरेची आयरिश कॉफी मागणाऱ्याच्या ग्लासात साय हमखास ढगासारखी खाली उतरते. साखर विरघळली की पस्तीस-चाळीस मिलिलिटर व्हिस्की घालावी. आधी घालून तापवू नये, वास उडतो.

सायीच्या बाबतीत मात्र उचगावकराला सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौराची गरज नाही. गोकुळच्या दूधपट्ट्यात गावोगाव संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ फॅट मोजली जाते, आणि म्हशीला सहाच्या वर फॅट लागतंय की नाही यावर घरचा हिशेब ठरतो. पण तापवलेल्या दुधावरची जाड साय इथं उपयोगाची नाही. तिच्यात गुठळ्या असतात. यंत्रावर कच्च्या दुधातून काढलेली मलई हवी, फॅट तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास. दुकानातल्या डब्यातल्या पंचवीस टक्केवाल्या क्रीमला फेटलं तरी अंग धरत नाही. मलई रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी आणि थंडगार असतानाच झाकणाच्या बरणीत घालून हलवावी. पळीतून सोडली की सलग धारेनं पडेल इतपतच. पुढं गेलात तर लोणी निघेल, आणि मग ते भाकरीवर घ्यावं. चमचा उलटा धरून, कॉफीला टेकवून, त्याच्या पाठीवरून मलई हळूच सोडावी. बोटभर जाडीचा थर. ढवळायचं नाही. थंड सायीतून गरम कॉफी तोंडात यायला हवी. साय बुडाली तर साखर कमी पडली असेल किंवा हात चार झटके आधी थांबला असेल. पुढच्या ग्लासाला तेवढं वाढवावं.